मार्गदर्शक अविवाहित आहेत

कॅम्प, अमरावती
रविवार, दुपार

श्रीमान खुशालराव, मुक्काम वलगाव, यांस मोरोपंताचा नमस्कार.

साष्टांग घातला असता, पण खाली गेल्यावर मला उचलणार कोण? तुझा गुडघा कसा आहे? पार्वतावहिनींची शुगर? यंदा तूर बरी आहे म्हणतात, खरं का रे? माझं विचारशील तर श्वास चालू आहे, दाढ पडली आहे आणि जीवनगौरव मिळाला आहे. दाढेचं दुखणं थांबलं, जीवनगौरवाचं नाही.

झालं असं की बंगळुरूच्या एका संस्थेने मला निवडलं. आकाशात सोडलेला अग्निबाण नाकासमोर कसा न्यायचा, यात मी उभा जन्म घालवला, हे तुला ठाऊक आहे. त्या विद्येला गाइडन्स, नेव्हिगेशन अँड कंट्रोल म्हणतात. नोकरीत असेतो कुणाशी बोलायची सोय नव्हती (आई जाईस्तोवर शेजारणींना सांगत राहिली, "आमचा मोरू तिकडं फटाके बनवते"). आता समारंभ आहे, आणि सत्कारमूर्तीने सोबत घरचं एक माणूस आणावं, मंचावर त्याची खुर्ची शेजारीच असेल, असा त्यांचा दंडक आहे. घरचं माणूस! माझ्या घरी मी आणि ट्यूबलाइटमागची पाल. भाचा शुभंकर कॅनडात, त्याला सुट्टी नाही. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत टाळ्या ऐकायची मला हौस नाही. प्रकृती बरी नाही, स्मृतिचिन्ह पोस्टाने धाडा, असं कळवायचं मी ठरवून टाकलं.

तेवढ्यात अकोल्याकडच्या एका वर्तमानपत्राने बातमी छापली: "मोरोपंतांना मार्गदर्शन व नियंत्रण क्षेत्रातील जीवनगौरव". भाषांतर चूक म्हणता येत नाही बघ. अग्निबाण तेवढा जागेअभावी गळला. लगेच तिथल्या एका मंडळाच्या पंजाबरावांचा फोन, "सर, सत्कार करून राहिलो तुमचा. थोडंसं मार्गदर्शन करा पोरायले." म्हटलं, चला, बंगळुरूची नाही तर अकोल्याची शाल तरी अंगावर पडेल. गेलो.

स्टेशनवरून जुन्या शहरात जायचं होतं. मी मोबाइलमधला नकाशा पाहून ऑटोवाल्याला डावं-उजवं सांगू लागलो. मोर्णा नदी गेली, परत आली, पुन्हा गेली. शेवटी तो म्हणाला, "काका, तुमी चूप बसा, मी नेतो तुमाले बराबर." (माझी ही खोड शाळेपासूनची, तुला काय सांगायचं!) मंगल कार्यालयाच्या दारावर फलक होता: वधू-वर परिचय मेळावा. आणि खाली, विवाहपूर्व मार्गदर्शन व क्रोधनियंत्रण, मोरोपंत. दारातल्या पायल नावाच्या पोरीने विचारलं, "काका, लग्न झालंय?" मी खरं ते सांगितलं. तिने माझ्या छातीला "वर" लिहिलेला बिल्ला टोचला आणि पुढच्याला बोलावलं. तसाच मंचावर चढलो.

आता बोलायचं काय? मला येतं तेच बोललो. आपण कुठं आहोत ते आधी ओळखा. कुठं जायचं ते ठरवा. वाट चुकली तर चूक लहान असतानाच हलक्या हाताने वळवा, एकदम हिसका दिला की अख्खं यान हेलकावे खातं. खुशाल, काय टाळ्या! सासवा सुनांकडे बघून मान हलवत होत्या, सुना सासवांकडे. एका बाईंनी डोळे पुसले. मग मागून एक आजीबाई उठल्या, "सर, तुमच्या घरी हे कसं करता, ते सांगा नं." मी म्हटलं, माझं लग्न झालेलं नाही. आजीबाई खाली बसता बसता म्हणाल्या, "मंग काहून बा कोरड्या विहिरीत उभं राहून पोहणं शिकवून राहिले?" एवढ्यावर भागलं नाही. भोजनाच्या पंगतीत एका गृहस्थाने बिल्ला वाचून माझं गोत्र विचारलं.

घरी आलो, शाल सोडली आणि मग लक्षात आलं की दाखवायला कुणी नाही. पालीला दाखवली. ती ट्यूबलाइटमागे गेली. हसशील तू, पण खरं सांगतो, त्या संध्याकाळी फार वाईट वाटलं रे. आता पंजाबरावांना मी पुढच्या मेळाव्यालाही हवा आहे. थकलो बाबा. वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझा
मोरू

ता. क. बंगळुरूच्या संस्थेतल्या बाईंचा फोन आला होता, सोबत कोण येणार ते विचारायला. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तुझं नाव निघालं. दोन्ही बर्थ खालचे मिळालेत. वहिनींना तू सांग, माझी हिंमत नाही.

आणखी एक. बाईंनी नातं विचारलं. मॅट्रिक होईस्तोवर ज्याने मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेलं, कारण एकटा सोडला की मी राजकमल चौकातून भलतीकडेच जायचो, त्याला काय म्हणतात रे? मी म्हटलं, मार्गदर्शक. त्या म्हणाल्या, "म्हणजे तेही याच क्षेत्रातले?" मी म्हटलं, माझ्या आधीपासून.

निघायच्या दिवशी मले घरून घेऊन जा. सायकल नको, ऑटो कर. वाट मात्र तूच सांग.