बाप्तिस्म्याच्या पाण्याचा नमुना

प्रिय ताईस,

धाकट्या भावाचा सप्रेम सलाम. तुझी कंबर आता कशी आहे? जिना चढताना भाऊजींना धाप लागायची, ती कमी झाली का? आम्ही इथे देवाच्या दयेने बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. खरं तर तीन आठवडे दार वाजलं की मी आधी न्हाणीघरात शिरतो व कडी लावून मग कोण आहे ते विचारतो. आमच्या थोरल्या मुलीच्या डोळ्यांबद्दल तू विचारलं होतंस. लाली बरीच उतरली आहे, पण थेंब अजून दिवसातून चारदा घालावे लागतात.

झालं ते नीट सांगतो, कारण तुझ्या भावजयीने फोनवर जे सांगितलं असेल ते न भिणाऱ्या बाईने सांगितलेलं आहे. आमच्या चर्चची मंडळी नदीत बाप्तिस्मा देते हे तुला ठाऊकच आहे. पाळकसाहेब कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून प्रार्थना म्हणतात, आणि पाठीला हात देऊन माणूस बुडवायचा व लगेच वर काढायचा, हे काम माझं (मला पोहता येतं का, हे अजून कुणी विचारलेलं नाही). त्या रविवारी सात जण होते, आपली थोरली तिसरी. पांढरे झगे घालून उतरलेले पहिले तिघंही वर आले ते फिकट जांभळे होऊन. चौथ्या होत्या एक आजीबाई. त्यांनी काठावरूनच विचारलं, की तारण सगळ्यांना याच रंगात मिळतं का. पाळकसाहेबांनी तिथेच थांबवलं. मी बाहेर आलो तेव्हा कमरेखाली वांगं झालो होतो, आणि काठावर आमचे मॅनेजरसाहेब माझ्या पायांकडे बघत उभे होते.

मॅनेजरसाहेब म्हणजे मी ज्या कापड रंगवायच्या कारखान्यात आहे तिथले. मंडळीत ते तिसऱ्या बाकावर बसतात. कारखान्यातून नदीत जाणारं पाणी रोज तपासायचं काम माझं. नऊ वर्षांत मी एकही खोटा आकडा लिहिलेला नाही, ताई. आकडा मर्यादेबाहेर गेला की साहेब शांतपणे म्हणतात, पुन्हा तपासा. मग मी नमुन्यात थोडं नळाचं पाणी घालतो, आणि आकडा बसेपर्यंत घालत राहतो. शेवटी येतो तो आकडा अगदी खरा असतो (बराचसा नळाचा).

पुढच्या आठवड्यात पंचांची सभा भरली. पाळकसाहेब म्हणाले, नदी देवाची आहे, ती नासत असताना तिच्यातच माणसं धुऊन काढायची आणि गप्प बसायचं हे मला जमणार नाही. पाणी तपासून घेऊ, आकडा उपासनेत सगळ्यांसमोर वाचू, आणि मग मिळून कारखान्याच्या फाटकावर जाऊ. त्यावर निवृत्त हेडमास्तर उठले. चर्चचं काम आत्म्यांचं, आज नदी झाली, उद्या कचरा, परवा डास, मग उपदेश कधी करायचा, असं ते म्हणाले. मी इतक्या जोरात मान हलवली की मान अवघडली. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं, पण भीतीने माझी जीभ सैल सुटते. मी उठून चक्क भाषण केलं, की चारशे घरं त्या कारखान्यावर जगतात, मंडळीत फूट पडेल, आणि देवाला नदीची काळजी असेल तर तो समर्थ आहे. लोकांना पटलं. सभा जवळजवळ आमच्या बाजूने झाली होती.

तेवढ्यात पाळकसाहेबांनी पिशवीतून सरबताची एक जुनी बाटली काढली. नदीचं पाणी त्यांनी स्वतः भरून आणलं होतं. बाटली अर्धी रिकामी, तळाशी साखरेची पुटं, वर तारीख नाही, वेळ नाही. ताई, मी गप्प बसायला हवं होतं. पण नऊ वर्षांची सवय, माझ्या तोंडून निघून गेलं की असं नसतं घेत, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. हेडमास्तरसुद्धा म्हणाले, मग यांनाच करू द्या, आपलाच माणूस आहे, कुणी बोट ठेवणार नाही. ठराव एकमताने मंजूर झाला. माझा हातही वर होता, तो कुणी केला हे मला आठवत नाही.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत नदीवर गेलो. गुडघे टेकून बाटली भरली, बूच लावलं, आणि मागे बुटांचा आवाज आला. मॅनेजरसाहेब. काय करताय, म्हणाले. मी बाटली सदऱ्याखाली सारून म्हणालो, प्रार्थना. मग मीही करतो, असं म्हणून ते माझ्याशेजारी गुडघे टेकून बसले आणि मोठ्याने सुरू झाले. कारखान्यावर जगणाऱ्या चारशे घरांसाठी त्यांनी प्रार्थना केली. आणि या माझ्या भावाला, बापा, मोहात पडू देऊ नकोस, त्याला दोन मुली आहेत, असंही म्हणाले. आवाज खरोखर कापत होता त्यांचा. मी आमेन म्हणालो. बाटलीचं पाणी पोटाला गार लागत होतं, आणि ते तेवढंच पाणी होतं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

प्रयोगशाळेच्या दाराला आतून खुर्ची लावून नमुना तपासला. नळाकडे माझा हात दोनदा गेला. आकडा मर्यादेच्या सहापट आला आहे. परवा रविवारी तो मला वाचायचा आहे, तिसऱ्या बाकासमोर उभं राहून. रात्री झोपेत मी आकडे पुटपुटतो असं ही म्हणते. भाऊजींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझा भित्रा भाऊ

ता. क. एक छोटं काम आहे, आणि खरं तर त्यासाठीच हे पत्र. ते तुला उद्या दुपारी मिळेल. मिळाल्याबरोबर पाळकसाहेबांना फोन करून सांग, की तुझी कंबर अचानक बिघडली आहे आणि मला ताबडतोब तिकडे पाठवा. थोडं कण्हलीस तर उत्तम.

ता. क. दुसरा. हिने पत्र वाचलं. माझा पांढरा सदरा तेवढा इस्त्रीला काढला. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करणार होतो तेवढ्यात थोरली थेंब घालून घ्यायला आली. म्हणाली, पप्पा, पाणी तुम्हीच तपासता ना, मग मला बुडवायच्या आधी तपासलं होतं का? मी हो म्हणालो. मग ठीक आहे, असं म्हणून तिने मान मागे टाकली आणि डोळे उघडे धरले. ताई, मी खरंच तपासलं होतं, आदल्याच दिवशी, शनिवारी. नळाचं पाणी घालण्याआधी आकडा तेव्हाही सहापटच होता. रविवारी मी आधी तो शनिवारचा आकडा वाचणार आहे. फोन करू नकोस.