पाण्यानं धरलं

तीर्थरूप आबा,

जर्मनीत जाऊन तुला काय मिळालं, असं तुमी फोनवर विचारलं, आन मी दवाखान्यातल्या नर्सच्या नोकरीचंच सांगत बसले. खरं सांगायचं राहूनच गेलं. आबा, मला पवायला येतंय!

वरकुट्याच्या आपल्या विहिरीत तुमी गावातली सगळी पोरं पाठीला रिकामा डबा बांधून पाण्यात सोडायचा. मी पोरगी, म्हणून काठावर त्यांची कापडं धरून बसायची. हितं माझ्यायेवढ्या बायका, पार म्हाताऱ्यासुदिक, तलावात उतरत्यात. एक दिस मीबी उतरले. शिकवणारी बाई भराभर बोलत होती, पर भीतीनं मला काईच कळंना. तवा कानात तुमचाच आवाज आला, "अंग सैल सोड, पाणी धरतंय." मी सोडलं. आबा, पाण्यानं मला धरलं! कान पाण्यात, वर नुसतं आभाळ. चाळिशीतलं हे अंग येवढं हलकं हाय, मला ठावंच नव्हतं.

मे महिन्यात मी येतीय. तुमच्या नातीच्या, छकुलीच्या पाठीला डबा मी बांधणार.

हे पत्र मातर टाकत न्हाय. वाचलं तर मी यायच्या आधीच तुमी विहिरीवर जाळी बसवाल.

तुमची, कापडं धरून बसणारी लेक,
वैजंता