ऊसगीतांचे सर्व हक्क राखीव

१४ जानेवारी १९९४, संक्रांत
तिळगूळ खाताना पेपरात बातमी वाचली. गाण्यांच्या चोरट्या नकला करणाऱ्यांसाठी कायदा कडक होणार. कॅसेटी जप्त, यंत्रं जप्त, वर तुरुंग. आमच्या इस्लामपूरच्या दुकानाची पाटी 'आपल्या आवडीची गाणी भरून मिळतील' असं आठ वर्षं सांगते आहे. म्हणजे कबुलीजबाब रस्त्यावरच टांगलेला. पद्मा म्हणाली, "मग पुसा." बायकांना कायद्यातलं कळत नाही.

१५ जानेवारी
पाटी पुसली.

१६ जानेवारी
आष्ट्याच्या उदयसिंहाला भेटलो. त्याचंही गाणी भरून द्यायचंच दुकान. धोक्याची पूर्ण कल्पना दिली. म्हणाला, "कायदा व्हईल तवा बगू गड्या. च्या घे." अशा माणसांमुळेच कायदे करावे लागतात. चहा बरा होता.

२० जानेवारी
संकल्प. गुढीपाडव्यापासून दुसऱ्याचं एकही गाणं भरायचं नाही. नकलाकार सुमंत संपला, निर्माता सुमंत सुरू. स्वतःचे शब्द, स्वतःची चाल, स्वतःचा आवाज. विषय ठरला: ऊस. या भागात उसावर एवढं प्रेम, पण भावगीत एकही नाही. पद्मा म्हणाली, "दुकान बंद पडलं तर मी माहेरी पलूसला जाऊन शिलाई मशीन चालवीन, तेवढं लक्षात ठेवा." ऊसगीताची ओळ सुचत होती, ती निसटली.

९ फेब्रुवारी
आठ ऊसगीतं तयार. आतल्या खोलीच्या खिडक्यांना गाद्या लावून रेकॉर्डिंग केलं. 'तुरा आला गं फडाला' रंगात आलेलं असताना स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. एकदा नव्हे, तीनदा. पुन्हा गायला घसा नव्हता. ऐकून पाहिलं. शिट्टी साखर कारखान्याच्या भोंग्यासारखी वाटते. ठेवली. थोर कलाकृतीत असे योग जुळतात.

२ मार्च
मुख्य चिंता: माझ्याच कॅसेटची नक्कल झाली तर? पहाटे उपाय सुचला. माझी कॅसेट रिकाम्या कॅसेटपेक्षाही स्वस्त विकायची! नक्कल करणाऱ्याला रिकामी कॅसेटच महाग पडेल, मग करेल कशाला? दिल्लीत कायदा करणाऱ्यांना हे सुचलेलं नाही. पत्र लिहावं का, विचार चालू. पद्मा म्हणाली, "आणि आपल्याला काय उरणार?" म्हटलं, प्रतिष्ठा.

१० मार्च
मिरजेहून कॅसेटींचा मोठा लॉट आणला. पाचशे प्रती भरायच्या. कव्हरवर माझा फोटो, हातात ऊस. खाली ठळक अक्षरांत: 'सर्व हक्क राखीव. नक्कल करणाऱ्यावर कारवाई होईल.' कॅसेटच्या पाठीवरची प्लास्टिकची चिपळी मोडली की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. मोडणार होतो. पण एका कॅसेटला दोन, म्हणजे हजार चिपळ्या! शिवाय मोडक्या कॅसेटला रूप राहत नाही. आणि माझ्यावर कोण कशाला काही भरेल?

११ एप्रिल, गुढीपाडवा
प्रकाशन. नारळ पद्माने फोडला. चार प्रती खपल्या, पैकी दोन सासरेबुवांना.

१५ एप्रिल
खप नाही. आष्ट्याला चोरट्या नकला निघाल्या असणार. पाहून आलो. एकही नाही. धाक बसलेला दिसतो. उदयसिंहाने एक प्रत घेतली, उलटीसुलटी पाहिली आणि म्हणाला, "हितली चिपळी मोडली न्हाईस व्हय?" एवढ्या बारकाईने कोणी माझं काम पाहिलं नव्हतं.

२३ एप्रिल
चमत्कार! उदयसिंहाने पन्नास प्रती नेल्या. संध्याकाळी आणखी पन्नास. रसिक झाला गडी.

२९ एप्रिल
बोरगावचे नानासो, वीस एकर ऊस, स्वतः मोटारसायकलवर आले. "सुमंतराव, लय गुनाची क्यासेट हाय तुमची. आजून आठ द्या." कोणतं गीत आवडलं, विचारलं. म्हणाले, "समदीच सारकी हायेत." असा दाद देणारा श्रोता विरळा. दुकानातल्या रिकाम्या कॅसेटी मात्र कोणी विचारत नाही. लोकांना आता दर्जा हवाय.

६ मे
साडेचारशे संपल्या! पद्माला म्हटलं, आता बोल. ती म्हणाली, "लोक ऐकतात का, एवढं विचारा कुणाला तरी." मत्सर माणसाच्या घरातच असतो.
दुसऱ्या भागाची तयारी: 'गुऱ्हाळगीते'.

१४ मे
नानासो आले. सोबत त्यांच्या आठ कॅसेटी आणि एक लांबलचक यादी. पुतणी अंकिताचं लग्न, मांडवात वाजवायला सिनेमाची गाणी भरून हवीत. म्हटलं, मी आता तसलं भरत नाही, आणि या तर माझ्या कॅसेटी! नानासो म्हणाले, "आवं, म्हनून तर घेतल्या. कोऱ्यापरीस सस्त्यात, आन् भरत्यात झकास. आष्ट्यात समदी ह्याच्यावरच भरत्यात. तुमाला म्हाईत न्हाई?"
थोडा वेळ मी कव्हरवरच्या माझ्या फोटोकडे पाहत होतो. ऊस छान आला आहे.
पद्मा आतून म्हणाली, "अहो, यादी घ्या."
यादी घेतली. गुढीपाडव्याचा संकल्प दिवाळीच्या पाडव्यावर नेला. कायदा अजून व्हायचाच आहे. संध्याकाळपर्यंत स्वतःच्या हाताने सात सुमंत पुसले. आठव्याला नानासोंनी हात धरला. "थांबा, तेवडी शिट्टी ऱ्हाऊ द्या. पोरं लय हसत्यात."
गाणं पुसलं. शिट्टी ठेवली.
रात्री पाटी पुन्हा रंगवली. पद्माने डबा धरला. म्हणाली, शिट्टीचे हक्क तिचे आहेत.