रकाना सातमधील नात्याबाबत

प्रति,
मा. सचिव,
बालसुरक्षा व जुन्या तक्रारी कक्ष,
धर्मप्रांत कार्यालय.

दिनांक: २२ (मुदत संपण्यास आठ दिवस बाकी)

विषय: तक्रार क्र. ३१ च्या रकाना ७ मधील माझी सही ग्राह्य धरण्याबाबत, तसेच एका दाराबाबत.
संदर्भ: आपली नकाराची तीन पत्रे.

महोदय,

मी व्यवसायाने सुतार आहे. माझा मुलगा दहा वर्षांचा, चर्चमध्ये उपासनेच्या वेळी हाताशी राहणारा वेदीसेवक असताना आमच्या तेव्हाच्या धर्मगुरूंनी त्याच्याशी जे गैरवर्तन केले, त्याची तक्रार त्याने आपल्याकडे दिली आहे. तो आज एकेचाळीस वर्षांचा आहे. जुन्या तक्रारींसाठी कक्ष उघडलात, याबद्दल मनापासून आभार. परंतु घटनेच्या वेळी तक्रारदार अज्ञान असल्यास रकाना ७ मध्ये 'त्या वेळच्या पालकाची सही व नाते' लागते. त्याची आई हयात नाही. सही मी केली आणि तिथेच घोडे अडले. तीस तारखेनंतर जुन्या तक्रारी घेणे बंद होणार, म्हणून हा चौथा अर्ज.

१. नात्यापुढे 'वडील' एवढेच लिहिले असते तर काम झाले असते. पण मापात सूतभर खोटे चालत नाही, ही धंद्याची खोड. मी लिहिले, 'पत्नीच्या पहिल्या, मयत पतीचा मुलगा. सहाव्या वर्षापासून माझ्या घरी.' हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. 'रक्ताचे नाते सिद्ध होत नाही' या शेऱ्यासह फॉर्म परत आला.

२. आपल्या लिपिक बाईंनी फोनवर सुचवले की मुलाला आता रीतसर दत्तक घ्या. बाई स्वभावाने चांगल्या आहेत. त्याप्रमाणे मी दत्तक नोंदणीच्या कचेरीत गेलो. तिथल्या फॉर्मवर बाळाचे वजन विचारले होते, मी ब्याऐंशी किलो लिहिले. खिडकीतल्या गृहस्थांनी आधी माझ्याकडे, मग मागे उभ्या असलेल्या टक्कल पडलेल्या बाळाकडे पाहिले आणि खिडकी लावून घेतली.

३. त्यानंतर आपण जन्मदात्याचे ना-हरकत पत्र मागितलेत. त्यांच्या मृत्यूचा दाखला पहिल्याच अर्जाला जोडलेला आहे. मेलेल्यांना उठवण्याचे सामर्थ्य माझ्याकडे नाही. आपल्या कार्यालयाच्या ओळखीत असे कोणी असल्यास कळवावे, मी पत्राचा मसुदा तयार ठेवतो.

४. आता शास्त्राचा आधार. आमच्या वाचन मंडळातल्या निवृत्त मास्तरांना पवित्र शास्त्रातल्या नात्यांची कोडी घालायचा भारी नाद. येशूला वाढवणाऱ्या योसेफाचा बाप कोण, यावर आमचे सहा महिने वाजले. शुभवर्तमानांत मत्तय सांगतो याकोब, लूक सांगतो एली. शेवटी मास्तरांनीच जुन्या जाणत्यांचा तोडगा काढला: एली निपुत्रिक वारला, भावाने त्याच्या विधवेशी लग्न केले, म्हणून योसेफाला एक बाप जन्माचा आणि एक नावाचा. म्हणजे आपला रकाना त्यालाही भरता आला नसता. विधवा रूथ दुसऱ्या लग्नानंतर बाळंत झाली तेव्हा शेजारणींनी मुलगा तिच्या पहिल्या सासूच्या, नामीच्या, पदरात मोजला, आणि नामी तर त्याची रक्ताची कोणीच नव्हती. येशूची वंशावळसुद्धा दोघेही योसेफाकडूनच सांगतात. लहानगा येशू मंदिरात मागे राहिला तेव्हा तीन दिवस वणवण करणाऱ्यांत योसेफ होता, आणि मुलाला रागावताना आई योसेफाला त्याचा बापच म्हणते. तो आपल्या खिडकीशी आला असता तर त्याची सही चालली असती का, हे कृपया लेखी कळवावे. तोही सुतारच होता.

५. दाराबाबत. वेदीमागच्या कपडे बदलायच्या खोलीचे दार माझ्या हातचे आहे. आतले बोलणे बाहेर जाऊ नये आणि आतून कडी असावी, असे त्या धर्मगुरूंनी सांगितले होते. मी दीड इंच जाड फळ्या घेतल्या, चौकटीला लोकरीची पट्टी लावली, पितळी कडी बसवली. स्क्रू तळहातावर घेऊन मुलगा शेजारी उभा होता. तोवर तो मला काका म्हणत असे. त्या दिवशी त्याने धर्मगुरूंना सांगितले की हे दार माझ्या बाबांनी केले. मी आठवडाभर हवेत होतो.

गेल्या वर्षी त्याने मला सगळे सांगितले. तेव्हाच का बोलला नाहीस, असे मी विचारले. तो म्हणाला, "दार तुम्ही केलं होतं, बाबा. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

६. तरी विनंती की माझी सही ग्राह्य धरून तक्रार मुदतीत नोंदवावी, म्हणजे त्या धर्मगुरूंना बोलावून विचारता येईल. ते निवृत्तांच्या निवासात आहेत आणि त्यांची प्रकृती उत्तम आहे. तसेच आपल्या नव्या नियमाप्रमाणे प्रत्येक दाराला काच बसवायची आहे, त्यापैकी हे एक दार दुसऱ्या सुताराला देऊ नये. त्याची कडी मलाच काढायची आहे.

सोबत: १. मृत्यूचा दाखला (चौथ्यांदा). २. काचेचे माप. ३. रकाना ७, नव्याने भरलेला.

उत्तराच्या प्रतीक्षेत,

(सही)
नाते: वडील