मागचं डावं चाक

६ फेब्रुवारी, मंगळवार

मागचं डावं चाक बसलं! गाडी काढायला गेलो तर रिम जवळजवळ जमिनीला. कालच हवा भरली होती. आणि रविवारी बाबांना दादाकडे पोचवायचंय – सहा तासांचा रस्ता, आणि या वेळी परत आणायचं नाही. दादाने फोनवर निकालच दिलाय : "तुझ्या बायकोची कंबर गेली. आता बाबा कायमचे इकडे." बायको शेजारीच उभी होती. "बरं," एवढंच म्हणाली आणि बाबांची दाढी करून द्यायला आत गेली.

स्टेपनी लावली. तिला केव्हाच टक्कल पडलंय.

७ फेब्रुवारी, बुधवार

पंक्चरवाल्याने टायर पाण्यात फिरवला. बुडबुडे बाजूच्या भिंतीतून! "मास्तर, खिळा नाही, काच नाही, नुसतं गोल भोक. कोणाशी भांडलात की काय?" मी मास्तर नाही, वाचनालयात पुस्तकं देतो-घेतो. पण तो ऐकत नाही.

म्हणाला, बाजूचं भोक म्हणजे अवघड जागेचं दुखणं. "ठिगळ लावून आत ट्यूब घालतो, गावातल्या गावात हळू फिरवा. लांब जायचं तर नवाच टाका. उगाच वाटेत फुटला तर माझ्या नावाने बोंबलू नका."

म्हणजे ठिगळ लावलं तर बाबा राहतात, निदान आत्ता तरी. दादाचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तो न्यायला येऊ शकत नाही. बाबांना बसमध्ये बसवत नाही. नवा घेतला की बाबा जाणार. विचार करून सांगतो म्हणालो, तर हसला – "टायरचा कसला विचार? लग्न लावायचंय का त्याच्याशी?"

८ फेब्रुवारी, गुरुवार

ते भोक डोळ्यांपुढून हलत नाही. ओळखीचं वाटत होतं. बाबांनी जन्मभर वह्या-पुस्तकं बांधली. शिवण्याआधी टोच्याने अशीच भोकं पाडायचे – गोल, नेटकी. शेवटी त्यांची हत्यारांची पेटी उघडली. टोच्याच्या टोकाला काळं रबर चिकटलेलं!

बाबा खिडकीशी बसले होते. विचारायला गेलो. काय विचारणार? मागे चार महिने दादाकडे राहून आले तेव्हापासून बोलणंच विसरल्यासारखे झालेत. तिथे सगळी माणसं दिवसभर बाहेर. दादा वाईट नाही. त्याला वेळ नाही, इतकंच.

टोच्या माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. बायकोला सांगितलं. ती बाबांच्या शर्टाचं बटण शिवत होती. "बाबांनी केलं असं वाटतं तुम्हाला?" म्हणाली. मान वर केली नाही.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

दादाचा फोन, दोनदा. "टायरचं काय झालं? की नुसता जप करत बसलायस?" अजून ठरलं नाही म्हणालो. खोटं नव्हतं. पण खोट्याच्या उंबरठ्यावर उभं राहिलं तरी घाम फुटतो.

आणि जप तरी कुठला! सकाळी देवापुढे बसलो तर ठिगळ की नवा, ठिगळ की नवा, एवढंच ओठांवर. देवाला हसू आलं असेल.

बायकोला म्हटलं, "तू सांग." तर म्हणे, "मी कोण सांगणार? वडील तुमचे, भाऊ तुमचा." उठताना भिंतीचा आधार घेतला. कमरेला पट्टा. त्या पट्ट्याकडे पाहिलं आणि ठरवून टाकलं.

१० फेब्रुवारी, शनिवार

नवा बसवला. "आता जगाच्या टोकाला जा!" – पंक्चरवाला. मी हसलो नाही.

बाबा काठी टेकत बाहेर आले. नव्या टायरवरून हात फिरवला, नुकत्याच बांधलेल्या पुस्तकावरून फिरवायचे तसा. हात थरथरत होता. "चांगला आहे," म्हणाले. आठवड्यातले पहिले शब्द!

पिशवी भरून झाली. बायकोने त्यांच्या स्वेटरची घडी चारदा मोडली, चारदा घातली.

११ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

नवं चाक जमिनीला टेकलंय. भोक नाही. कपाटाचं कुलूप जसंच्या तसं. कोणीतरी हवा सोडलीय.

आत आलो. बाबा चपला घालून, पिशवी मांडीवर घेऊन निमूट बसलेले. बायकोने माझ्यापुढे चहा ठेवला. बशीत व्हॉल्व्हचं काळं टोपण.

"बाबांना सुई तरी धरवते का हो? टोच्या काय धरणार ते? आता दादांना फोन करा. आणि टायरची सबब नको – मीच पाठवत नाही, असंच सांगा."