लंगड्या मेंढीची चाल

३ एप्रिल २०२४, बुधवार

ठरलं. घेणार!

आज दोनशे सोळावा कॉम्प्युटर जोडला. शेंद्र्याच्या कारखान्यातल्या एका इंजिनीअरचा. पंखे फिरले, स्क्रीन उजळली, आणि तो माणूस खोकं उचलून चालता झाला. दोनशे सोळा – आणि त्यातला एकही माझा नाही. देण्याआधी गेम लावून तपासायचं काम माझंच, अर्धा तास. त्यामुळं शंभरेक गेमचा पहिला अर्धा तास मला तोंडपाठ आहे. पुढं काय होतं ते एकाचंही माहीत नाही!

श्रीरंग सर, दुकानाचे मालक, म्हणाले, “सत्यशीला, खरेदीच्या भावात देतो. पण पार्ट तूच निवडायचे. मी तोंड उघडणार नाही.” बघू किती दिवस गप्प राहतात. औरंगपुऱ्यातल्या याच गाळ्यात त्यांच्या वडिलांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. चूक दिसली की बोलायचं, हे घराण्यातच आहे.

बजेट सत्तर हजार. मॉनिटर दुकानातला जुना. चार वर्षांची बचत आहे ही.

७ एप्रिल, रविवार

तीन याद्या केल्या, तिन्ही फाडल्या.

ग्राफिक्स कार्ड हातात घेऊन बसले होते. गेममधली सगळी चित्रं हेच काढतं. यातल्या नखाएवढ्या चिपवर अठराशे कोटींच्या वर चालू-बंद होणारे खटके आहेत म्हणे. जगात माणसं आठशे कोटी! रोज हाताळते मी हे, आणि आज पहिल्यांदा उलटसुलट करून बघितलं. आपलं होणार म्हणून असेल.

सगळ्यात मोठं कार्डच घ्यायचं. बाकीच्यात काटकसर करू.

११ एप्रिल, गुरुवार

आबा दुकानात आले. पहिल्यांदाच.

माझे वडील जानेवारीपासून माझ्याजवळ मुकुंदवाडीच्या खोलीवर राहतात. बीड बायपासला नवीन टॉवर होतोय, तिथं दिवसपाळीला वॉचमन आहेत. दिवाळीला लासूर स्टेशनच्या बाजारात बासष्ट मेंढरं विकून टाकली. पाऊसच झाला नव्हता. गावाकडच्या आमच्या वाडीतल्या निम्म्या लोकांनी विकली. आई दोन शेळ्या घेऊन तिकडंच आहे.

मी एक मशीन तपासत होते. मोकळ्या रानातला गेम – घोडा, डोंगर, गुडघाभर गवत. आबा मागं येऊन उभे राहिले. मला वाटलं, हसतील.

“शीले, हे कुठलं रान?”

“खरं नाय आबा. कॉम्प्युटरनं काढलेलंय.”

“व्हय. पण कुठलं?”

मी घोडा पुढं नेला तर म्हणाले, “थांब. जाऊ नको. हितंच थांब.”

थांबले. वारा आला, गवत एका बाजूला झुकलं, परत उठलं. आबा मान जराशी वळवून कितीतरी वेळ बघत राहिले. शेवटी म्हणाले, “एवढं गवत! आन खायाला कुणीच नाय.”

मी दोनशे वेळा बघितलंय ते गवत. आज दिसलं.

१६ एप्रिल, मंगळवार

आजचा दिवस मरेपर्यंत विसरणार नाही.

आबा आता ड्युटी संपली की सिटी बसनं दुकानावर येतात. आज माझे पार्ट काउंटरवर मांडले होते, यादी पक्की करायला. त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली.

“ह्यो काय करतो?”

“प्रोसेसर. विचार करतो.”

“आन ही?”

“कार्ड. चित्रं काढते.”

“ह्यो डबा?”

“सगळ्यांना वीज वाटतो.”

सगळे पार्ट एकदा बोटानं मोजले. मग म्हणाले, “ह्यात सगळ्यात हळू कोण?”

प्रोसेसर. मोठं कार्ड बजेटमध्ये बसवायला मी तो हलका घेतला होता. सांगितलं.

“मंग बाकीची त्याच्याच चालीनं चालतील की! कळप लंगड्या मेंढीच्या चालीनं चालतो. म्होरं तू कितीबी दांडगा मेंढा लाव.”

सर बारा दिवस गप्प होते. एकदम टाळीच वाजवली त्यांनी आणि आबांना म्हणाले, “कडूबा, अहो, हे गिऱ्हाइकांना समजवायला मला तास लागतो. आणि तरी ते मोठं कार्डच नेतात!”

चार वर्षं हे काम करते मी. आबा दुसरीपर्यंत शिकलेले.

कार्ड एक पायरी खाली. प्रोसेसर दोन पायऱ्या वर. यादी पक्की!

२१ एप्रिल, रविवार

नळाला आठव्या दिवशी पाणी. सगळी सुट्टी त्यातच गेली.

२८ एप्रिल, रविवार

आईचा फोन. पाणी टँकरचंच, तेही एक दिवसाआड. मग म्हणाली, “यंदा पाऊस झाला तर धा मेंढरं तरी घिऊ गं परत. तुझ्या आबांचा जीव लागत नसंल तिथं.”

फोन ठेवला आणि मला माझीच लाज वाटली. सत्तर हजार! आणि मी गेम खेळायला यंत्र घेतेय.

संध्याकाळी आबांना सरळ म्हटलं, “कॉम्प्युटर नको आबा. ह्या पैशांत मेंढरं घेऊ.”

“नको.”

विचार केला नाही, काही नाही. वाक्य पुरं व्हायच्या आधीच!

“तुझं यंत्र घे. मेंढरांचं माझं झालं आता.” आणि भाकरी चुरायला लागले.

केवढं मन असेल या माणसाचं! जन्म मेंढरांमागं गेला, आणि माझ्यासाठी एका शब्दात सोडून दिलं. मी तोंड धुवायच्या निमित्तानं बाहेर जाऊन रडून घेतलं.

१० मे, शुक्रवार

बेचाळीस डिग्री. खोलीवर पत्रा. कॅबिनेट बदललं – काच आणि रंगीत दिवे गेले, जाळी आणि तीन पंखे आले. वीज वाटणारा डबा चांगल्यातला घेतला. मुकुंदवाडीत वीज दिवसातून चारदा उसळते.

एका गिऱ्हाइकाला पाण्यावर चालणारा कूलर हवा होता. आबा चकित. “यंत्राला बी पाणी लागतं?”

“माझ्याला नाय. वारा पुरे.”

“झ्याक केलंस.”

१९ मे, रविवार

जोडला!!

खोलीवर, चटईवर, पंखा बंद करून. प्रोसेसर आबांच्या हातून बसवला. म्हटलं, “दाबायचं नाय. कोपऱ्यावर बारीक खूण आहे, ती जुळवून नुसता ठेवायचा.” त्यांनी खूण बघितलीच नाही. बोटाच्या टोकानं कड चाचपली, फिरवला, सोडला. अलगद बसला – कोकराला आईच्या सडाशी लावावं तसा. ही बोटं मेंढीचं पोट चाचपून किती कोकरं आहेत ते सांगायची.

बटण दाबलं. एक सेकंद काहीच नाही. मग तिन्ही पंखे!

आबांनी हात जोडले. मीही जोडले. दोनशेच्या वर झाले, पण हात कधी जोडले नव्हते.

२० मे, सोमवार

एकतिसावं मिनिट बघितलं! डोंगरापलीकडं समुद्र आहे. मला माहीतच नव्हतं!

२६ मे, रविवार

आता माझा नंबर लागत नाही. आबा रोज तासभर घोडा घेऊन फिरतात. तलवार नाही, लढाई नाही. नुसतं रान. ओढ्याच्या कडेनं वर जातात आणि म्हणतात, “हितं पाणी लागंल बघ.” आणि लागतं! ज्यानं कुणी हा डोंगर काढला, त्याला पाणी कसं वाहतं ते ठाऊक असणार. आणि आबांना ते नुसतं बघून कळतं.

दोघांपैकी कुणाचं नवल करू?

२ जून, रविवार

आज लांडगा आला. गेममध्ये. डावीकडनं, गवतातून, सरळ. मला केव्हाचा दिसत होता. आबांना नाही. घोडा पडला.

पुन्हा केलं. पुन्हा डावीकडनं. पुन्हा पडला.

तिसऱ्यांदा मी ओरडले, “डावीकडं बघा ना आबा!”

“कुठंय?”

एवढा मोठा लांडगा, अर्धी स्क्रीन व्यापलेली!

आबांनी माउसवरचा हात काढला. मी त्यांच्या डाव्या कानाजवळ बोट धरलं, हळूहळू पुढं आणलं.

“बोट दिसलं की सांगा.”

“कुठलं बोट?”

बोट नाकासमोर आलं होतं.

५ जून, बुधवार

डोळ्याच्या दवाखान्यात गेलो. काचबिंदू. डावा डोळा गेला, पूर्ण. उजव्याचीही नाकाकडची बाजू गेली आहे. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत बोलणाऱ्या. म्हणाल्या, “गेलेलं परत येत नाही. पण राहिलेलं टिकवता येतं. रोज थेंब घालायचे, जन्मभर, एक दिवस न चुकता. अजून वर्षभर उशीर झाला असता तर टिकवायलाही काही उरलं नसतं. तुमच्या लक्षात कसं आलं?”

म्हटलं, “गेम खेळताना.”

त्यांनी पेन खाली ठेवून माझ्याकडं बघितलं. मग आबांकडं वळल्या.

“आबा, कधीपासून कमी दिसतंय?”

आबा शर्टाची गुंडी चाचपायला लागले. बाईंना वाटलं, ऐकू गेलं नाही. परत विचारलं. तरी गुंडीच.

रोज सकाळ-संध्याकाळ थेंब मीच घालणार. आज घातले. डोळा मिटून, मान मागं करून, लहान पोरासारखे बसून राहिले.

९ जून, रविवार

थेंब घातल्यावर डोळे मिटलेले असतानाच बोलले.

“मेंढरं दुस्काळानं नाय इकली शीले. दोन वरसं डाव्या अंगाचं काय दिसतच नव्हतं. घुंगराच्या आवाजावर राखत हुतो. मंग डावीकडनं लांडग्यानं कोकरू नेलं – हाताच्या अंतरावरनं. मला ठावं बी नाय. तुझ्या आयीनं आरडून सांगितलं. समदे इकत हुते, म्या बी इकली. कुणी काय इचारलं नाय.”

दोन वर्षं. बासष्ट मेंढरं. नुसत्या कानावर!

दहा मेंढरांची वाट बघणाऱ्या आईला काय सांगायचं, ते आबांनी माझ्यावर सोडलंय.