एकाच समीकरणाचे दोन साक्षीदार

छत्रीबाग, इंदूर
१८ नोव्हेंबर १९९१

ती. तुकोजीकाकांना मंजुषाचा शि. सा. न. वि. वि.

मिल बंदची नोटीस लागली आणि परवा गेटवर दंगा पेटला. आबांच्या तोंडावर काहीतरी आदळलं, डावा डोळा गेला. अजून शुद्ध नाही. चौकीदार सांगतो, लक्ष्मणनं दगड मारला. पानवालापण तेच सांगतो. आबांच्या शेजारचा लूम चालवणारा माणूस! मिलकडून हिसाब घेऊन मोकळे होऊ म्हणायचा, आबा लढू म्हणायचे, म्हणून दोघांचं वाजलं होतं. संजूदादा तर पागल झालाय. सळई उशाशी घेऊन झोपतो, लक्ष्मणला जिवंत सोडणार नाही म्हणतो. मला फार भीती वाटते, काका. तो तुमचंच ऐकतो.

तुमची ढ पुतणी,
मंजुषा

गौतमपुरा, २० नोव्हेंबर

चि. मंजूस पोटभर आशीर्वाद.

काकूचा ताप उतरला की पहिल्या मोटारीनं निघतो. तोवर संजूला घरात कोंड. शिव्या देईल, देऊ दे.

मग डोकं चालव. क्ष अधिक य दहा, दोन क्ष अधिक दोन य वीस, यावर तू लहानपणी पाटी भरली होतीस आणि उत्तर काय, तर शून्य बरोबर शून्य! अगं वेडाबाई, ते समीकरण एकच होतं, दुप्पट करून लिहिलेलं. तुझे दोन साक्षीदारही तसेच नसतील कशावरून? चौकीदार तर गेटच्या आत असतो. त्यानं स्वतः पाहिलं की पानवाल्याकडून ऐकलं, ते विचार. आणि अज्ञात दोन आहेत, कोणी मारलं आणि काय मारलं. दगड तुम्ही धरूनच चाललात. दुसरं समीकरण जखमेत असेल. डॉक्टरांना विचार.

जिवाला जप, घराला जप.
तुझा काका

इंदूर, २३ नोव्हेंबर

ती. काकांना सा. न.

पत्र दुपारी आलं. सकाळीच दादानं लक्ष्मणला गल्लीत गाठून सळईनं उजवा हात चेचला. हाड बाहेर आलं, मी पाहिलं. याच हातानं मारलंस ना, असं ओरडत हाणत होता.

चौकीदारानं पानवाल्याकडूनच ऐकलं होतं. पानवाल्यानं पाहिला तो फक्त लक्ष्मणचा वर गेलेला हात. आणि डॉक्टर म्हणाले, दगड कसला, कातडीत बारूद आहे.

काका, पाडव्याला तुमच्याकडचं हिंगोट युद्ध बघून दादानं पिशवीभर हिंगोटं आणली होती, बारूद ठासलेली पोकळ फळं, पेटवून फेकायची. मालकाच्या मोटारीवर फेकीन म्हणायचा. मी नको नको म्हणत होते. त्या दिवशी त्यानं एक फेकलंच, डॉक्टरांचं ऐकून आज कबूल केलं. धुरात ते कुठं वळलं, त्याला दिसलं नाही.

आज आबा शुद्धीवर आले. पहिलं विचारलं, लक्ष्मणचा हात कसा आहे? पेटतं हिंगोट अडवायला त्यानं आबांपुढे तळवा धरला होता, तो भाजला असेल म्हणाले.

दादा खाटेच्या पायथ्याशीच उभा होता.

लवकर या. आमच्यावरची माया आटू देऊ नका, त्याच्यावरचीसुद्धा.

मंजुषा